ब्रोशर राहिलं, चिठ्ठी चालली: सोलापुरातल्या एका फायर सिलिंडरवाल्याचं प्रकरण

प्रकरण तसं छोटं आहे, पण छापील मटेरियलवर पैसे घालवायच्या आधी वाचण्यासारखं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आमच्या ओळखीतला एक जण, पस्तिशीचा, फायरच्या लाल सिलिंडरचं रिफिलिंग आणि मेंटेनन्स करतो. आधी बरीच वर्षं दुसऱ्याकडं टेक्निशियन होता, आता स्वतःचं सुरू केलंय. शोरूम वगैरे काही नाही, घराच्या खालच्या गाळ्यात मशीन, हाताखाली एक पोरगा. ओळखीपाळखीची कामं संपली, मग नवीन गिऱ्हाईक आणायचं कुठून, तर दारोदार फिरून. कापडबाजाराची चाटी गल्ली, नवी पेठ, अक्कलकोट रोड एमआयडीसी, होटगी रोडकडची हॉस्पिटलं आणि हॉटेलं. बोलायला चांगलाय, मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही तोंडात, गल्लीतच शिकलेली. प्रश्न एवढाच की हातात काय घेऊन जायचं.

मी डिझाईन आणि डीटीपीचं काम करतो, प्रेसवाल्यांशी रोजचा संबंध, म्हणून तो माझ्याकडं आला. यादी तयारच होती: तीन घडीचं ब्रोशर, आर्ट पेपर, ग्लॉसी, हजार नग, वर आगीचा मोठा फोटो, आत व्हिजन-मिशन, शिवाय जमलं तर भिंतीवरचं कॅलेंडर पण. बजेट सगळं मिळून दहा हजार. एवढ्यात हे सगळं बसत नाही हे सांगायला डिझायनर कशाला पाहिजे, पण बसलं असतं तरी मी नको म्हणलो असतो, आणि ते का ते सांगायसाठीच हा सगळा प्रपंच.

आधी काहीच न छापता त्याच्यासोबत थोडं फिरलो. हे मी प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतो आणि बहुतेक जण ऐकत नाहीत, कारण त्यांना वाटतं छापलेलं हातात नसलं तर दुकानदार उभं करणार नाही. उभं करतात. चाटी गल्लीत तर इतकी दाटी असते की तुम्ही आपोआपच उभे राहता. बघायचं होतं ते हे, की कागद द्यायची वेळ येते तेव्हा समोर कोण असतं आणि तो कागद पुढं जातो कुठं. तर समोर बहुतेक वेळा मालक नसतो. मुनीम असतो, नाहीतर मालकाचा धाकटा भाऊ, नाहीतर गठ्ठे सोडणारा पोरगा. मालक असला तर फोनवर असतो. आणि सकाळी भवानी व्हायच्या आधी गेलात तर काहीही विकत असा, तुम्ही अपशकुनीच. दुपारी दोन ते चारच्या मधे बरं पडतं, तेव्हा गादीवरचा माणूस निवांत असतो आणि कुणीतरी चहा मागवलेला असतो.

बाकीचे लोक देऊन गेलेले कागद तिथंच पडलेले होते, ते बघून घेतले. पाँप्लेटच्या कोऱ्या बाजूवर हिशोब केलेला. ब्रोशर चांगलं जाड असेल तर काउंटरच्या हलणाऱ्या पायाखाली. व्हिजिटिंग कार्डं एका डब्यात, तो डबा भरला की ओतायचा. पण एक वस्तू कुणी टाकत नव्हतं: बिल. बिल, पावती, चलन, जे काही आकडे आणि तारीख घातलेलं असेल ते तारेत ओवलेलं, नाहीतर क्लिपला लावलेलं. ज्या कागदावर त्या दुकानाचं नाव हाताने लिहिलेलं आहे तो कागद दुकानदाराच्या हातून फाटत नाही. वर्षानुवर्षं विक्रीकर, मग व्हॅट, मग जीएसटी, सगळ्यांनी मिळून ही सवय लावलीय.

तिथंच मला वाटतं निम्मं ठरलं.

आता आगीच्या फोटोबद्दल, कारण यावर आमचं खरंच वाजलं. त्याचं म्हणणं, भीती घातल्याशिवाय फायरचा धंदा होत नाही, डीलरकडं असताना सगळी ब्रोशरं अशीच होती, काळा धूर, लाल ज्वाळा, हेल्मेट घातलेला परदेशी फायरमन. मी म्हणलं बाबा तू कुठल्या गावात फिरायलाय बघ. २०२५ च्या मे महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतच टॉवेलच्या कारखान्याला आग लागली, आठ जण गेले, त्यात मालक होते, त्यांच्या घरातले होते, कामगार आणि त्यांच्या घरातले होते. तू ज्या गेटवर जाऊन कागद देणार त्या गेटवरचा वॉचमन त्यातल्या कुणाला तरी ओळखत असायची शक्यता आहे. त्याच्या हातात ज्वाळांचा फोटो देऊन खाली तुझा मोबाईल नंबर. बरं, भीती त्यांना आधीच आहे, ती तू घालायची गरजच नाही. टॉवेल-चादरीच्या युनिटमधे सूत, तयार माल, सुताची धूळ आणि वायरिंग सगळं एका छताखाली असतं हे तिथं काम करणाऱ्याला फोटो बघून कळायचं नाही, तो रोज बघतो. त्याला पाहिजे ते वेगळं: माझ्याकडं जो बाटला लटकलाय तो चालतो का. एवढंच. या प्रश्नाचं उत्तर देणारा कागद आणायचा.

हे त्याला पटायला वेळ लागला, पण पटलं ते माझ्या बोलण्याने नाही, त्याच्या वजनकाट्याने. कारण फिरताना तो पिशवीत लटकवायचा काटा घेऊन फिरायचा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला प्रेशर दाखवणारा घड्याळासारखा गेज नसतो, तो भरलेला आहे का ते वजन करूनच कळतं. सिलिंडरवर रिकामं वजन कोरलेलं असतं, त्यात गॅसचं वजन मिळवायचं, काट्यावर तेवढं भरलं पाहिजे. एका दुकानात त्याने सहज वजन केलं, कमी निघालं, आणि आतापर्यंत मोबाईलमधे बघणारे मालक उठून काट्याजवळ आले. पावडरच्या सिलिंडरचं उलटं, तिथं गेज असतो आणि सगळे म्हणतात काटा हिरव्यात आहे म्हणजे झालं. पण आत पावडर बसून तिचा गोळा झाला असेल तर प्रेशर असूनही ती नीट बाहेर येत नाही, वरून काटा हिरवाच. शिवाय पिन आणि सील आहे का, नळीत किड्यांनी घर केलंय का, आणि सोलापुरात सगळ्यात जास्त सापडणारी गोष्ट म्हणजे सिलिंडरच्या पुढं माल रचलाय का. चाटी गल्लीत बाटला आहे, पण त्याच्यापर्यंत पोचायला साड्यांचे चार थर उपसायचे.

ही तपासणी तो करतच होता, फुकट, आणि तोंडी सांगून निघून यायचा. मालक संध्याकाळी यायचे तेव्हा मुनीम सांगायचा, फायरवाला आला होता. बस. कुठला फायरवाला, काय म्हणाला, सगळं हवेत.

म्हणून आम्ही छापली ती पाहणीची चिठ्ठी. बिल बुकच्या धर्तीवर, ए-फाईव्ह म्हणजे ए-फोरच्या बरोबर निम्मी, कार्बनलेस कागद (मधे कार्बन न घालता खालच्या पानावर उठणारा), दोन कॉपी, पांढरी दुकानदाराला, पिवळी बुकात, वर नंबरिंग, कडेला परफोरेशन, म्हणजे पान सरळ फाडायला बारीक भोकांची रेघ. एकच रंग, निळा. एक रंग म्हणजे ऑफसेटला एकच प्लेट, चार रंगाच्या कामाला चार प्लेटा लागतात, त्यामुळं खर्चात जमीन-आसमानाचा फरक. प्रेसवाला म्हणाला पण, एवढं साधं? लोगो तरी रंगीत करा. नाही केला. साधं दिसणं हाच तिचा गुण, ती जाहिरात वाटत नाही, कागदपत्र वाटते.

रकाने ठरवायला मात्र बसावं लागलं. पहिल्या ड्राफ्टात त्याने टेक्निशियनची अख्खी चेकलिस्ट आणली होती, ती भरायला लागला असता तर दुकानदाराने हाकलला असता. शेवटी ठेवलं ते असं: सिलिंडर कुठं लावलाय, प्रकार, किती किलो, शेवटचं रिफिल कधी, पुढचं कधी, गेज किंवा वजन, पिन-सील, नळी, समोरची जागा मोकळी आहे का. एका पानावर पाच सिलिंडरच्या ओळी. खाली दोन ओळींची जागा मोकळी, तिथं हाताने एक वाक्य लिहायचं, आणि हे वाक्य मालकासाठी लिहायचं, मुनीमासाठी नाही. उदाहरणार्थ, जिन्याखालचा बाटला रिकामा आहे, आधी तो बघा. मालक संध्याकाळी तारेतनं कागद काढतील तेव्हा मुनीमाला काही आठवावं लागणार नाही.

आणि तळाला ठळक टाईपात: ही फक्त पाहणी आहे, प्रमाणपत्र नाही. याच्यावरून तो नाराज झाला. म्हणाला याने आपली किंमत कमी होते. मी याबाबतीत मागं सरलो नाही आणि अजूनही सरणार नाही. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे, तो ज्या इमारतींना लागू आहे त्यांच्या मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं फॉर्म बी द्यायचं असतं, आणि ते लायसन असलेल्या एजन्सीकडूनच घ्यावं लागतं. आमच्या या गड्याकडं स्वतःचं लायसन नाही, तो लायसन असलेल्या एजन्सीसोबत काम करतो. मग त्याच्या सहीची चिठ्ठी बघून एखाद्या मालकाला वाटलं की झालं आपलं फायरचं, आणि उद्या काही घडलं, तर ती पांढरी कॉपी कुठं कुठं दाखवली जाईल याचा विचार करा. बाजारात फायर एनओसी करून देऊ असं छापणारे ढिगाने आहेत. छापू देत.

याच कारणाने टॅग पण रद्द केला. टॅगची आयडिया त्याची होती आणि धंद्याच्या दृष्टीने अगदी पक्की होती, हे मान्य केलं पाहिजे. सिलिंडरच्या मानेला प्लॅस्टिकचा टॅग बांधायचा, नाव-नंबर त्यावर, तो कुणी काढत नाही, सहा महिने लटकतो, फुकट जागा. पण सिलिंडर दुसऱ्याने भरलेला, टॅग आपला, म्हणजे बघणाऱ्याला वाटणार की सर्व्हिस आपण केली. वर आधीच्या माणसाचं स्टिकर झाकायचं की काढायचं हा वेगळाच लोचा. ठरलं असं की टॅग फक्त आपण स्वतः भरलेल्या सिलिंडरला. नवीन दुकानात नाही.

मग भिंतीवर राहील असं काहीच नको का, तर पाहिजे, आणि त्यासाठी स्टिकर केला. स्टिकरवर जाहिरात जवळपास नाहीच. वर मोठ्या आकड्यात १०१ आणि ११२. त्याखाली चार ओळी: पिन ओढा, नळी आगीच्या बुडाकडं धरा, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडं फिरवा. प्रत्येकाला एक साधं रेषाचित्र, कारण सुट्टीच्या दिवशी राखण करणारा माणूस वाचेलच असं नाही. तळाला छोट्या अक्षरात नाव आणि मोबाईल. हा स्टिकर लावू का विचारलं की नाही म्हणणारा दुकानदार विरळा, उलट दोन मागतात, एक घरी लावायला. कागदी स्टिकर स्वस्त पडतो पण इथल्या उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसच्या वर गेला की कडा वळायला लागतात आणि पत्र्याच्या शेडमधे तर महिनाभरात गळून पडतो, म्हणून व्हिनाईल घेतलं, थोडेच नग, डिजिटल प्रिंट. डिस्टेंपरच्या भुरभुरत्या भिंतीवर व्हिनाईल पण टिकत नाही आणि लूम शेडमधे भिंतीवर सुताची धूळ बसलेली असते, तिथं चिकटवायचा प्रश्नच नाही. दाराची काच, लोखंडी कपाटाची बाजू, लाकडी पॅनल, असं काहीतरी शोधायचं. आधी फडक्याने पुसायचं. सगळं मालकाला विचारून आणि दुकानाच्या आत. बाहेर रस्त्याकडच्या भिंतीवर, खांबावर लावत सुटलं तर मालमत्ता विद्रूपणाचा १९९५ चा कायदा आहे, आणि कायदा सोडा, ज्याच्या शटरवर चिकटवाल तोच पहिली शिवी देईल.

व्हिजिटिंग कार्डाबद्दल थोडक्यात. लागतंच, त्याशिवाय माणूस खरा वाटत नाही. ३०० जीएसएम (म्हणजे चांगलं जाड) आर्ट कार्ड, साडेतीन बाय दोन इंच, लॅमिनेशन फक्त पुढून आणि ते पण मॅट. ग्लॉसी घेतलं की ट्यूबलाईट चमकते, आणि आजकाल कार्ड ठेवत कोण नाही, मोबाईलवर फोटो काढून भावाला व्हॉट्सअॅप करतात, त्या फोटोत नंबर दिसला पाहिजे. मागची बाजू कोरी आणि लॅमिनेशन न केलेली, म्हणजे बॉलपेन उठतं. पत्ता छापायला तो कचरत होता, घरच आहे म्हणून. पण इथं पहिला प्रश्नच असतो, कुठं असता तुम्ही? पेठेचं नाव आणि जवळची खूण सांगितली की अर्धी ओळख तिथंच निघते, कुणाचा तरी मामा त्याच बोळात राहत असतो. बाहेरून आलेला मोठा डीलर इथंच मार खातो. छापला पत्ता.

क्यूआर कोड घालायचाच होता त्याला, घातला, पण कार्डावर नाही, चिठ्ठीवर. दोन सेंटिमीटरच्या खाली घेऊ नका, चारी बाजूंनी पांढरी जागा सोडा, आणि निळ्या शाईत छापणार असाल तर निळा गडद असू द्या, फिकट रंगाला कॅमेरा ओळखत नाही. फुकट साईटवरून जो बदलता येणारा कोड मिळतो तो त्यांच्या लिंकवरून फिरून येतो, त्यांनी उद्या पैसे मागितले किंवा बंद केलं की तुमची छापलेली सगळी बुकं मेली. थेट व्हॉट्सअॅप नंबरच्या लिंकचा साधा कोड काढला, तो कुणाच्या मेहेरबानीवर नाही. कोडच्या खाली लिहिलं, पैसे देण्यासाठी नाही, फोटो पाठवण्यासाठी. हसू नका. काउंटरवर आधीच दोन-तीन यूपीआयचे स्टँड असतात, क्यूआर बदलून पैसे लाटायचे किस्से प्रत्येक दुकानदाराने ऐकलेत, आणि अनोळखी माणूस क्यूआर चिकटवायला निघाला की लगेच कपाळाला आठी. स्टिकरवर तर मी कोड येऊच दिला नाही.

भाषेचा प्रश्न एकदा निघाला. पूर्व भागात अर्ध्या कारखान्यांत तेलुगू, अक्कलकोटकडून येणारे कन्नड, मग चिठ्ठी कशात. तीन भाषांत छापलं तर अक्षर मुंगीएवढं होणार. तो ज्यांना भेटणार ते मराठी वाचतात, बोलायचं तेवढं त्यांच्या भाषेत बोलायचं. हा निर्णय दोन मिनिटांत झाला. वेळ गेला तो फाँटमधे. प्रेसवाल्याकडं जुने फाँट, माझ्याकडं युनिकोड, फाईल त्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की जोडाक्षरांचा पार बोऱ्या, अग्निशामक मधला ग्नि फुटून ग वेगळा आणि नि वेगळा. हे काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे तरी सांगतो, फाईल देताना अक्षरं कर्व्हमधे, म्हणजे फाँट न लागणाऱ्या चित्रात, करूनच द्या, कडेला तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा छपाई, द्या, आणि मशीन चालू व्हायच्या आधी एक कागदी प्रूफ हातात घेऊन मोबाईल नंबर मोठ्याने वाचा. दुसऱ्या माणसाने वाचा.

दरावरून सगळ्यात जास्त ताणलं. त्याचं म्हणणं दर छापायचे नाहीत, कॉम्पिटिशनवाला कागद नेऊन दहा रुपये कमी सांगेल. माझं म्हणणं, दुकानदाराचा पहिला शब्दच किती असा असतो, आणि जो दर सांगत नाही तो जास्त लावतो असंच आपल्याकडं धरून चालतात. पण छापलेले दर चिकटून बसतात हेही खरं, पावडरचा भाव बदलला की बुकं वाया. तोडगा निघाला तो त्याच्याच बायकोने सुचवला, ती हिशोब बघते. चिठ्ठीत दर छापू नका, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी एक रिकामा चौकोन ठेवा, रिफिलचे किती, आणि तिथल्या तिथं हाताने लिहा. म्हणजे दर त्या दुकानाचा, त्या बाटल्याचा, त्या तारखेचा. मला स्वतःला हे सगळ्यात आवडलं, कारण हाताने लिहिलेला आकडा कोटेशनसारखा वाटतो आणि मुनीम पण तो आकडा मालकाला बरोबर सांगतो, बाकी काही सांगो न सांगो.

आता हे सगळं पेठेतल्या दुकानांचं झालं. एमआयडीसीत ही चिठ्ठी आत पोचतच नाही. गेटवर रजिस्टर, वॉचमन नाव लिहून घेतो, कागद घेतो आणि टेबलावरच्या काचेखाली सरकवतो. आतल्या माणसाला भेटायचं तर कुणाचं तरी नाव लागतं. तिथं आणि हॉस्पिटलांत वेगळं हत्यार: एका पाकिटात ए-फोरचं एकच पान, इंग्रजीत, कारण ते फाईलला लागतं आणि पुण्या-मुंबईच्या ऑफिसला मेल होतं. त्यात कामाचा तपशील, ज्या एजन्सीसोबत काम करतो तिच्या लायसनची माहिती, जीएसटी नंबर, आणि पाकिटावर हाताने, मेंटेनन्स मॅनेजर यांना. हे पान छापून ठेवायचं नाही, जायच्या आदल्या दिवशी घरच्या प्रिंटरवर त्या कंपनीच्या नावाने काढायचं. पाकीट बंद असलं की वॉचमन काचेखाली ठेवत नाही, आत देतो. याला काय मानसशास्त्र म्हणायचं ते म्हणा. हॉटेलवाल्यांच्या पानात एक ओळ जादा टाकली, भटारखान्यातल्या तळणीच्या तेलाच्या आगीसाठी साधा पावडरचा बाटला पुरत नाही, त्याला वेट केमिकलचा वेगळा येतो. ही ओळ वाचून फोन आले, कारण बहुतेकांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

कॅलेंडर मी तेव्हा अडवलं. भिंतीला कॅलेंडरची जागा एक, तिथं सराफाचं किंवा बँकेचं आधीच लटकलेलं, आणि ज्याला तुम्ही ओळखतच नाही त्याच्या देवाच्या फोटोवर तुमचं नाव, तो ते लावेल कशाला. कॅलेंडर हे नातं झाल्यावर द्यायची वस्तू आहे, नातं जोडायला नाही. त्याला हे पटलेलं नाही, तो अजून म्हणतो की दिवाळीत बघू.

पैशाचं म्हणाल तर चिठ्ठीची दहा बुकं, व्हिनाईल स्टिकर, पाचशे कार्डं, पाकिटं, सगळं धरून ठरलेल्या बजेटच्या बरंच खाली राहिलं. उरलेल्या पैशात मी त्याला चांगला डिजिटल काटा घ्यायला लावला. छापील मटेरियलच्या बजेटातून काटा, प्रेसवाला हसला, पण तो काटा लटकवल्याशिवाय चिठ्ठीवर लिहायला काही नसतं, म्हणून माझ्या हिशोबी तो त्याच खर्चात धरला पाहिजे.

झालं काय, तर चाटी गल्ली आणि नवी पेठेत फोन यायला लागले ते लगेच नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी, बहुतेक मालकांचे, आणि बोलण्याची सुरुवात ठरलेली: तुमची चिठ्ठी लागलीय इथं, तो जिन्याखालचा बाटला. म्हणजे हाताने लिहिलेलं ते एक वाक्यच वाचलं गेलं. काहींनी चिठ्ठीचा फोटो काढून आधीच्याच रिफिलवाल्याला पाठवला आणि त्याच्याकडूनच काम करून घेतलं. हे होणारच. आमचा गडी यावर चिडला, मी म्हणलं चिडू नको, पिवळी कॉपी तुझ्याकडं आहे ना, त्यावर पुढची तारीख आहे, तेव्हा परत जा. खरं तर पिवळ्या कॉपीचं बुक हीच त्याची सगळ्यात मोठी कमाई ठरली. कुठल्या दुकानात कुठला बाटला कधी संपतोय याची यादी आता त्याच्याकडं तारखेनिशी आहे, ब्रोशर वाटत फिरला असता तर यातलं काही हाती नसतं. बायको महिन्याच्या एक तारखेला बुक चाळते आणि त्या महिन्यातली दुकानं काढून देते.

एमआयडीसीचं मात्र अजून डळमळीत आहे. पाकीट आत जातं, पण उत्तर येईलच असं नाही. तिथं फॉर्म बीच्या तारखांच्या आधी, म्हणजे जून आणि डिसेंबरात गेलं तर ऐकून घेतात, एरवी नाही, आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत कुणाला भेटायला जाऊच नये, माणूस जागेवर सापडत नाही. हॉस्पिटलांत रिसेप्शनला दिलेलं पाकीट हरवतं, तिथं बायोमेडिकल किंवा मेंटेनन्स बघणाऱ्या माणसाला गाठावं लागतं आणि त्याचा नंबर कुणी देत नाही.

दुसऱ्या छपाईला दोन बदल केलेत. सिलिंडरच्या ओळी पाचच्या तीन केल्या, कारण पेठेतल्या दुकानात तीनच्या वर बाटले सापडतच नाहीत आणि मोकळ्या ओळी बघून मालकांना वाटायचं पाहणी अर्धवट राहिली. त्या वाचलेल्या जागेत हाताने लिहायची जागा वाढवली. आणि पांढऱ्या कॉपीला डाव्या कोपऱ्यात आधीच भोक पाडून घेतलं, तारेत ओवायला. पंचिंगचे प्रेसवाल्याने वेगळे पैसे लावलेत, त्यावर घासाघीस चालू आहे.